तीन काचांची लेन्स आणि बाईचे डोळे

मी लेन्स बोलतेय. तीन काचांची. हसू नका. कपाटात माझ्या शेजारी सहा काचांची बसलीय, तिचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत.

बाहेरच्या दोन काचा फुगीर, मधली खोलगट, एवढाच माझा संसार. सहावाली कमी उजेडातही काम भागवते, ते मला नाही जमत. पण भरपूर उजेडात माणूस माझ्यासमोर बसवा, पापणीचा केस न् केस मोजून घ्या! कडेला जरा मऊ पडते मी, पण चेहऱ्याला ते शोभतं.

माझ्या मालकीणबाईला हे ठाऊक होतं. तिचा छोटा स्टुडिओ होता आणि फोटो ती मलाच लावून काढायची. नवऱ्याला मात्र पुस्तकातल्या लेन्सच्या आकृत्या बघून काचा मोजायचं वेड. "तीन काचांत काय होतंय? सहा त्या सहा!" असं गिऱ्हाइकांसमोर बोलायचा मेला.

एकदा आतली बुरशी काढतो म्हणून त्याने मला खोललं. मधली काच दोन्हीकडून खोलगट, पण एका बाजूला जास्त. महाशयांनी पुसली आणि उलटी बसवली.

झालं! माझ्यातून सगळं धुरकट दिसायला लागलं. बाई कॅमेऱ्याला डोळा लावून माझी फोकसची रिंग पुढे फिरवायची, मागे फिरवायची.

"अहो, चेहरा स्पष्ट येतच नाहीये. तुम्ही काही केलंत का हिला?"

"मी? नुसती पुसली. ती पहिल्यापासून तसलीच. आणि तुझे डोळेही गेलेत आता."

तिने चष्मा बदलून पाहिला. मग सहावाली लावली, फोटो बरे यायचे, पण इतकी वर्षं आपल्या डोळ्यांना माझा दोष कळलाच नाही या विचाराने मन खचलं ते खचलंच. प्रत्येक फोटोनंतर विचारायची, "नीट आलाय ना हो?" शेवटी कॅमेरा त्याच्या हाती देऊन ती काउंटरवर फोटोंची पाकिटं भरत बसली, ती मरेपर्यंत. माझा नुसता जळफळाट व्हायचा. सांगणार कुणाला?

परवा तिच्या मुलीने मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने खोलून बघितलं. "ताई, मधली काच उलटी बसवलीय कुणीतरी." चहा निवायच्या आत त्याने ती सरळ केली.

मुलगी तडक घरी आली. "बाबा, आईचे डोळे चांगले होते. काच तुम्ही उलटी बसवली होती."

त्याने पेपरही खाली ठेवला नाही. "अगं, मग तिने तेव्हाच सांगायचं नाही का?"

 मुलीने मला कपाटात ठेवलं.

आता मला पुन्हा लख्ख दिसतंय. पोरी, तू कुणाचेही फोटो काढ, मी जीव ओतून काम करीन. पण बापाचा काढायचा झाला, तर खुशाल त्या सहावालीने काढ. मला त्याचं तोंडही बघायचं नाही.