पाळ ठोकणारा माणूस

नागपूरच्या दवाखान्यात गाठीसकट डावा स्तन काढून शांतीबाई घरी आली, त्याला वर्ष होत आलं होतं. जखम भरली, हातही उचलू लागला. पण तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मातीची टोपली नेताना तिला धाप लागायची. वैद्य म्हणाला, अशक्तपणा. सासू म्हणाली, ढोंग. सासूच्या तोंडाला कोण हात लावणार?

त्या दिवशी ती अर्ध्या चढावरच मटकन बसली. नवरा पुनाराम धावत आला. गावचा तलाव तोच राखायचा. पाळ आतून कुठे भिजली, ते मुठीने ठोकून बद्द आवाजावरून सांगायचा.

"दम काऊन पुरून नाही राहिला?"

"मले का मालूम."

त्याने पाळ ठोकावी तशी तिची पाठ हलकेच ठोकली. उजवीकडे मोकळा आवाज आला. डावीकडे बद्द. पुन्हा ठोकलं, तरी बद्दच. मग त्याने हात तिथेच ठेवला.

त्याचा असा चेहरा शांतीबाईने एकदाच पाहिला होता, पाळ फुटली त्याच्या आदल्या दिवशी.

"ओली हाये का?" तिने विचारलं.

"टेसनापर्यंत बैल जुंपतो," पुनाराम म्हणाला. "सांजच्या गाडीनं नागपूरले जाऊ."

हात मात्र त्याने काढला नाही.