मुठीत बोट

भार्गवीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं विठोजी घरात सांगायचा. राहून गेलं नव्हतं. पत्र दसऱ्याच्या आधी आलं, दिवाळी होऊन गेली, रानातली रागी, म्हणजे नाचणी, पिकून तांबूस झाली, तरी तो उत्तर देत नव्हता. पत्र त्यानं एका जाड पुस्तकात घालून ठेवलं आणि मग ते पुस्तकच वाचायचं सोडलं.

भार्गवी त्याची नात. नऊ वर्षांची पोर, शहराच्या कडेला सर्जापूर रोडला लिफ्टनं वर जावं लागतं अशा घरात राहणारी. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, आजी-आजोबांना हातानं पत्र लिहा आणि आपल्या घरातली एखादी जुनी रीत विचारून घ्या. पोरीनं मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं होतं :

'अज्जा, रागीच्या मुठीत बोट घालायची आपली रीत किती जुनी आहे? पहिली कोणी केली? पप्पा लहान होता तेव्हा पप्पानं पण केली का? मी पप्पाला विचारलं. पप्पा म्हणाला, अज्जाला विचार. म्हणून तुला विचारते. लवकर लिही.'

पप्पा म्हणाला, अज्जाला विचार. विठोजी तेवढ्या ओळीपाशी येऊन थांबायचा. तिच्या पुढं त्याला जाता येत नव्हतं.

झालं होतं असं. गेल्या कापणीला मुलगा देवव्रत बायकापोरांना घेऊन आनेकलजवळच्या या खेड्यात आला होता. ऊन कडक. मोबाइलवर गेम चालण्याइतकी रेंज नाही. पोरं कंटाळली. धाकट्या चंदनच्या पोटरीला रागीचं पातं काचलं आणि त्यानं भोकाड पसरलं. सून रम्या म्हणाली, "चला, जाऊया का परत?" पोरांशी काय बोलायचं हे विठोजीला जन्मात कळलं नव्हतं. पुस्तकात तोंड घालून बसणारा माणूस तो. चार माणसांत गेला की स्वतःच्या चपलांकडं बघायचा. पण त्या दिवशी तो चंदनसमोर मातीत बसला आणि एक कणीस वाकवून त्याच्यापुढं धरलं. रागी पिकली की कणसाची बोटं आत वळतात.

"ही बग. तान्ह्या पोराची मूठ. हिच्यात बोट घालायचं आन् यंदा आपुन काय नवं शिकलो ते हिला सांगायचं. मग ती मूठ आपल्याच हातानं कापायची आन् दारावर टांगायची. आपल्या घराण्यातली बारकी पोरं पिढ्यान् पिढ्या असंच करत आल्यात."

पिढ्यान् पिढ्या! तोंडातून कसं निघालं त्याचं त्यालाच कळलं नाही. चंदननं हुंदका गिळला, मुठीत बोट घातलं आणि हळूच सांगितलं, "मला बुटाची नाडी बांधता येते." भार्गवी म्हणाली, "मला पोहता येतं. पण खोल पाण्यात नाही." मग दिवसभर दोघं विहिरीकडच्या त्या शेवटच्या ओळीतून हलली नाहीत. संध्याकाळी गाडीत झोपली तीही कणसं मांडीवर घेऊन. जाताना भार्गवीनं वचन घेतलं होतं, "अज्जा, पुढच्या वर्षीपण आमची ओळ ठेवायची हं."

आणि देवव्रत? तो बांधावर खिशात हात घालून उभा होता. बापाकडं बघत होता. बोलला काही नाही.

त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर कोयरीसारखा वण होता. आठ वर्षांचा असताना याच रानात विळा लागला होता. त्या वेळी ढग आले होते, रागी उभी होती. विठोजी तेव्हा म्हणाला होता, "रगत पूस आन् वळ पुरी कर. तुज्यासाठी पाऊस थांबायचा न्हाई."

आता 'पप्पानं पण केली' असं लिहावं, तर ते देवव्रतच पोरीला वाचून दाखवणार. 'नाही केली' लिहावं, तर पोर विचारणार, का नाही?

यंदा कापणीच्या तोंडाशी एका सकाळी आभाळ राखेसारखं झालं होतं. वारा पूर्वेकडून येत होता, दमट. त्याची बायको अंबुबाई गाईला पेंड चारता चारता म्हणाली, "अवो, पोरीचं पत्र."

"लिवतो."

"कवा? तिचं लगीन झाल्यावर?"

"शब्द जुळंनात, अंबू."

"येवढी जाड जाड पुस्तकं वाचलीसा! आडात हाय तर पोहऱ्यात का येईना?"

"आडातच न्हाई," विठोजी पुटपुटला.

तेवढ्यात गिरीराज आला. त्याच्याकडं कापणीचं मशीन होतं. दोन घरं सोडून राहायचा, दारातूनच हाका मारत यायचा.

"अण्णा! मद्रासकडं वादळ उठलंय. उद्या सांजपातूर पाऊस. मशीन आज हितं हाय, उद्या होसूरकडं जाणार. मग मला हाका मारू नगा."

"मशीनच्या काडाला, पिंजराला गाय तोंड लावती का?" अंबुबाईनं कुरकुर केली. "चुरा करून टाकतं मेलं."

"अक्का, भिजलेली रागी खाशील का चुरा पिंजर चारशील? बोल."

अंबुबाईनं हात झटकले. "बरं, काप. पण विहिरीकडची कडंची वळ सोड. पोरांची हाय ती."

गिरीराजनं विठोजीकडं बघितलं. विठोजीनं आभाळाकडं बघितलं.

"सगळं काप," तो म्हणाला.

"काय?" अंबुबाई ताठ झाली.

"पाऊस येनार म्हनतोय न्हवं त्यो. दान्याची माती कशाला करायची?"

बोलताना त्याला हलकं वाटलं. ओळच नाही, तर रीत नाही. रीत नाही, तर उत्तर कसलं? 'वादळ आलं, राहिलं नाही काही,' एवढं लिहिलं की संपलं. आणि ते खोटंही नव्हतं.

अंबुबाई त्याच्याजवळ आली आणि गिरीराजला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात बोलली, "पावसाच्या नावावर आपलं पाप खपवू नगा."

मशीन रानात उतरलं. धुळीचा लोट उठला. विठोजी बांधावरच्या करंजाखाली जाऊन बसला. समोर रागी आडवी होत होती आणि प्रत्येक फेरीला त्याचा हलकेपणा कमी कमी होत होता. एक लांडी लबाडी केली की तिला सांभाळायला दुसरी लागते. घरात कुत्रं पाळण्यागत. आधी एक, मग त्याच्या सोबतीला एक.

फोन वाजला. देवव्रत होता.

"अप्पा, मशीनचा आवाज येतोय. कापणी चालू हाय?"

"व्हय. वादळ हाय म्हनं."

"सगळं कापताय?"

विठोजी विहिरीकडच्या ओळीकडं बघू लागला. देवव्रत म्हणाला, "भारू रोज खाली जाऊन टपालाची पेटी उघडून बघती. आमच्या बिल्डिंगीत त्या पेट्यांत पाली राहत्यात. तिनं वॉचमनला सांगून ठेवलंय, माझ्या अज्जाचं पत्र येणार हाय, पेटीला कुलूप घालू नको."

विठोजीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"देवू, काय लिवू तिला? व्हय लिवलं तर खोटं. न्हाई लिवलं तर..."

"तर काय?"

"तर तुज्या बापाची आब्रू जाती."

पलीकडं देवव्रत हसला. चिडून नव्हे, दमल्यासारखा.

"अप्पा, त्या दिवशी बांधावर मला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा काय सफाईनं खोटं बोलतोय! मग चंदनकडं बघितलं. ते बोट घालून बसलेलं. मला राग न्हाई आला. हेवा वाटला. पोटच्या पोराचा हेवा. लाज वाटली माझी मला. म्हून बोललो न्हाई."

"तुज्या बोटाला इळा लागला तवा..."

"जाऊ द्या की."

"न्हाई, ऐक. तुजी आई फडकं बांधत हुती आन् मी ढगाकडं बगत हुतो."

"माहीत हाय," देवव्रत म्हणाला. "मीबी ढगाकडंच बगत हुतो. तुमी बगताय म्हून."

फोन कधी बंद झाला हे विठोजीला कळलं नाही. तो उठला. धोतराचा सोगा हातात धरून म्हातारा कापलेल्या रानातून पळत सुटला. धसकटं पायाला टोचत होती. मशीन विहिरीच्या कोपऱ्याला वळलं होतं. तो सरळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर करून.

मशीन थांबलं. गिरीराज वरून ओरडला, "मरायचंय काय, अण्णा? माझ्या गळ्यात घालणार काय?"

"ऱ्हाऊ दे येवढं."

"स्वल्पच उरलंय की! एका फेरीत उरकतो."

"स्वल्पच ऱ्हाऊ दे."

"पावसात कुजंल."

"कुजू दे."

गिरीराजनं मशीनवरून मान काढून अंबुबाईला हाक मारली. "अक्का! अण्णाला ऊन लागलंय का बग. ऊन बी न्हाई आज!"

अंबुबाई बांधावरून सगळं बघत होती. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "सरी, सरी, बरं. मशीन वळीव मागं. शानं झालंय मानूस, तू नगं बिगडवू."

मशीन गेलं. रान बोडकं झालं. विहिरीकडच्या सावलीतली, नीट न भरलेली, वेडीवाकडी एक पट्टी तेवढी उभी राहिली. गेल्या वर्षीच्या ओळीपुढं काहीच नाही. विठोजी तिच्याकडं बघत राहिला. "अंबू, वाऱ्यानं आडवी पडंल गं."

"नुसतं बगून थांबनार हाय का ती?"

ती पिंजराच्या दोऱ्या वळून घेऊन आली. मूठभर ताटं एकत्र धरायची, कमरेशी बांधायची. एकमेकांच्या आधारानं उभी राहतात, पाऊस आला तरी लवकर पडत नाहीत. ती धरायची, तो बांधायचा. त्याच्या गाठी सुटायच्या.

"ह्येबी पुस्तकात बगून यायचं का?" ती म्हणाली आणि त्याच्या हातातली दोरी घेऊन आपण बांधली.

जेवण झाल्यावर त्यानं पुस्तकातलं पत्र काढलं. अंबुबाई म्हणाली, "फोनवरच सांगा की. दोन शबुद तर हायेत."

"तिनं पत्र लिवलंय. पेटी उघडून बगती ती."

पहिले तीन कागद त्यानं फाडले. एकात फार शहाणपण आलं होतं, एकात फार रडगाणं, एकात नुसतंच हवापाणी. चौथा तसाच ठेवला, फाडायचा धीर उरला नाही म्हणून :

'चि. भार्गवीस आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, चूक माझी. ही रीत एक वर्षाची आहे. पहिली तू आणि चंदननं केली. जुनी आहे म्हणालो ते खोटं होतं. पप्पानं ती केली नाही, कारण त्याच्या वेळी मी त्याला विळा दिला, मूठ दाखवली नाही. बाईंना हवं तर हे वाचून दाखव. विहिरीजवळ थोडी रागी उभी ठेवली आहे. आज्जीनं बांधली आहे. पावसानं पडली तर पडलेलीच धरू. पप्पाला घेऊन ये. यंदा पहिलं बोट त्याचं. – अज्जा.'

अंबुबाईनं त्याच्याकडून वाचून घेतलं. मग म्हणाली, "उद्या छत्री न्या."

दुसऱ्या दिवशी आनेकलच्या बसमध्ये कारखान्याच्या पाळीला निघालेली पोरं-पोरी दाटीवाटीनं उभी होती. विठोजी पत्र सदऱ्याच्या आत, बनियनला लावून बसला. बाई वर्गात वाचून दाखवतील, पोरं हसतील, भार्गवी रडेल, असं सगळं त्याला दिसत होतं. दोनदा वाटलं, उतरावं आणि परत जावं.

पोस्टासमोर उतरला तेव्हा थेंब पडायला लागले होते. पत्र आधी शहरात जाणार, मग तिथून सर्जापूर रोडला. तासाभराच्या अंतरावरच्या घराला जायला त्याला दिवस लागणार. ओळीवर कोसळायला पावसाला तेवढे लागणार नव्हते.

त्यानं पत्र पेटीच्या तोंडात सरकवलं, पण सोडलं नाही. बोटं आतच राहिली. पत्रा गार होता. मागं एक बाई छत्री सावरत उभी होती. कानडीत म्हणाली, "अज्जा, टाकताय ना?"

"टाकतो," तो म्हणाला आणि बोटं उघडली.

पेटी रिकामी असावी. पत्र तळाला पडल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं.