खोल बाजूची हाक

गळ्याला चीर दिलेली, नाकातून दुर्बिणीची नळी घातलेली, आणि वर डॉक्टरीणबाई म्हणतात, "बोला, एक ते दहा!" तलावावर पोरांना पोहायला शिकवणाऱ्या बाई ऑपरेशनच्या टेबलावर टक्क जाग्या होत्या. पूर्ण भूल देऊन हे काम होत नाही. लुळ्या स्वरतंतूला आतून सिलिकॉनच्या तुकड्याचा टेकू द्यायचा असतो, आणि त्याचं माप आवाज ऐकूनच ठरतं.

वर्षभरापूर्वी बाईंचा डावा स्वरतंतू लुळा पडला. तलावावर ज्यांना सगळे 'भोंगा' म्हणत, त्यांच्या गळ्यात शिट्टी आली. पण शिट्टी फुंकली की पंधराच्या पंधरा पोरं वळून बघतात. जिला सावध करायचं तिला काहीच कळत नाही. गेल्या महिन्यात एक चिमुरडी खोल बाजूला सरकली आणि बाईंची हाक घशातच राहिली. पोरगी वाचली, हे नशीब. त्यानंतर बाईंनी एकाही पोराला पाण्यात उतरवलं नव्हतं.

"एक, दोन, तीन..." आवाज खणखणीत आला.

"छान! हाच तुकडा बसवते. सूज चढायला लागलीये, मग आवाजाचा भरवसा नाही. दहा मिनिटं आहेत हातात."

तो आवाज तुकड्याचा नव्हताच, बाईंनी रेटून काढला होता. वर्षभर गळा आवळून चारचौघांत वेळ मारून न्यायची सवय, ती टेबलावरही सुटेना. गप्प राहिलं तर आत्ता टाके पडून सुटका होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. पण पोरगी बुडत असताना ती मूठ काय चाटायची?

"डॉक्टर, फसवलं मी तुम्हाला. जोर लावला."

"हे आत्ता सांगताय?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंत. आता अंग सैल सोडा. वाईट येऊ दे, येईल तसा येऊ दे."

आवाज फाटकाच आला, निम्मा वारा. तुकडा निघाला, मोठा आत गेला. कोणीतरी अंगठ्याने नरडं दाबतंय असं बाईंना वाटलं. आवाज घुसमटला. तो तुकडाही निघाला. सिस्टर घड्याळाकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंनी मधल्या मापाचा तुकडा सरकवला.

"आकडे पुरे. तलावावर काय ओरडता, ते म्हणा. जोर न लावता."

बाईंनी डोळे मिटले.

"भिंत धर!"

हाक खोलीभर घुमली. कोपऱ्यातल्या सिस्टरने दचकून खरंच भिंत धरली.

"हाच," म्हणत डॉक्टरीणबाईंनी सुई मागितली. "कोणाला हाक मारलीत एवढी?"

"त्या चिमुरडीला," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "महिनाभर उशीर झाला."