लाल तळव्यांच्या सुना

भेटीची वेळ झाली की नवजात बाळांच्या कक्षाबाहेर मुंगीला शिरायला जागा नसे. ही गर्दी बाळांसाठी नव्हती. ती होती बाकावर मांडी ठोकून बसलेल्या अत्तरबाबासाठी. त्याच्या अंगाला अत्तराचा इतका दर्प की औषधांच्या वासानंही हार मानावी. पुढ्यात काचेचा वाडगा, वाडग्यात फिकट पिवळं पाणी.

"हात पुढे कर, लेकी," तो प्रत्येकीला म्हणे. "माणसं खोटं बोलतात, पाणी नाही बोलत."

सासूच्या तळव्यावर चार थेंब पडत. पिवळे ते पिवळेच राहत. "निर्मळ," बाबा डोळे मिटून सांगे. मग दाराजवळच्या बेसिनवर हात धुऊन आत निघालेल्या सुनेची पाळी. तिच्या तळव्यावर तेच थेंब बघता बघता लालभडक होत.

"हिच्या हातात सावली आहे. हा हात लागला तर बाळ बाळसं धरेल कसं?"

उपाय तयारच असे. नऊ दिवस हाताला साबण लावायचा नाही, कारण साबणानं सावली आत कोंडते. वर बाबाच्या बाटलीतलं पाणी चोळायचं, आणि बाटली फुकट नव्हती हे सांगायला नकोच. नऊ दिवसांनी तळवा लाल होत नसे. मग आणखी काय पुरावा हवा? सासवा सगळ्या निर्मळ, सुना सगळ्या दोषी. असा न्याय बसल्या जागी मिळत असेल तर गर्दी का होणार नाही?

त्या सुनांत एक लॉन्ड्रीवाली होती. नवऱ्याबरोबर दिवसभर लोकांचे कपडे धुणारी, इस्त्री करणारी. तिची लेक सात आठवडे आधीच आली होती, वजन जेमतेम दीड किलो. तिचा तळवा सगळ्यांत लाल झाला.

"मी म्हणत होतेच," सासूबाई म्हणाल्या. "माझा हात बघ आणि तुझा बघ."

त्या दिवसापासून ती सिस्टरांना दिसावं म्हणून नळाखाली बोटं नुसती ओली करायची. आत गेल्यावर लेकीला एकाच बोटाच्या टोकानं शिवायची, माफी मागितल्यासारखी.

पाचव्या दिवशी बाळ तापलं. चमच्यातलं दूधही घेईना.

सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं. "या आठवड्यातलं हे चौथं बाळ. चौघांना एकच जंतू. तो उडत येत नाही बाई, आपल्या हातांवर बसून येतो. खरं सांग, साबण लावतेस?"

तिला रडू फुटलं. रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला एक कळत नाही. त्या बाबाला साबणाचं एवढं वावडं का?"

तो प्रश्न तिच्या डोक्यात घर करून बसला. घरी जाऊन तिनं ओढणी धुवायला घेतली. बाबाच्या पाण्याचे थेंब तिच्यावर सांडले होते. साबण फिरवला मात्र, पिवळे ठिपके लाल झाले.

ती बघतच राहिली. गिऱ्हाइकांना तिनं शंभरदा समजावलं होतं, "ताई, डाग वाढला नाही. हळद आहे ती. साबण लागला की लाल होते, खळबळलं की पुन्हा पिवळी." अत्तरानं हळदीचा वास झाकला होता, आणि भीतीनं तिचे डोळे.

दुसऱ्या दिवशी ती बादली, तांब्या आणि साबणाची वडी घेऊन थेट बाकासमोर उभी राहिली. सिस्टर शेजारी होत्या.

"बाबा, जरा साबणानं हात धुवा आणि तुमचंच पाणी लावून दाखवा."

"माझी परीक्षा?" बाबा गुरगुरला. "फार महागात पडेल."

"बरं, राहू द्या. आई, तुमचा हात निर्मळ आहे ना? द्या इकडे."

सासूबाईंनी मोठ्या तोऱ्यात हात पुढे केला. तिनं साबण चोळला, वरवर पाणी ओतलं आणि वाडग्यातले चार थेंब टाकले. तळवा लालभडक झाला.

मग तिनं तोच हात दोन तांबे पाण्यानं खसाखसा धुतला आणि पुन्हा थेंब टाकले. पिवळे.

"गेली सावली," ती म्हणाली. "नऊ दिवस कशाला, दोन तांबे पुरले."

सिस्टर गर्दीकडे वळल्या. "बेसिनचा नळ करंगळीएवढा वाहतो. साबण हातावरच राहतो आणि हळद लाल होते. हा माणूस धुतलेले हात दोषी ठरवत होता आणि न धुतलेले निर्मळ. ज्यांनी त्याचं ऐकलं, त्यांची बाळं आत तापानं फणफणलीत."

बाबानं वाडगा उचलला, पण जिन्याच्या दारात पहारेकरी उभा होता. "ही सारी श्रद्धेची गोष्ट आहे," तो पुटपुटला. त्याचं वाक्य पूर्ण व्हायला कोणी थांबलं नाही. सगळ्या बेसिनकडे धावल्या होत्या.

त्याच दिवशी नळ दुरुस्त झाला. तीन बाळं सावरली. चौथं सावरलं नाही. त्याच्या आईला आता कोणी काहीही सांगितलं तरी ते उशिराच.

म्हणून हे आधी सांगायचं. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा, हे असं का होतं? आणि बाळाला उचलण्याआधी साबणानं हात धुवा. त्यात चमत्कार नाही, म्हणूनच तो उपाय रोज लागू पडतो.

तापाच्या सहाव्या दिवशी लॉन्ड्रीवालीच्या लेकीचं अंग निवलं. सासूबाई बेसिनपाशी कधीच्या उभ्या होत्या, बोटांच्या बेचक्यांतून फेस फिरवत.

"झालं का गं?" त्यांनी विचारलं.

"अंगठे राहिले, आई."

त्यांनी मुकाट्यानं पुन्हा साबण घेतला.