खेकड्याची राख

त्या दिवशी हकीमचाचांच्या पायाला भिंगरी लागली होती. सकाळचा चहा त्यांनी उभ्यानंच घेतला, टोपी डोक्यावर आहे की नाही ते दोनदा चाचपलं आणि काष्टीच्या बाजाराला निघालेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं. बाजारात त्यांना काही घ्यायचं नव्हतं की विकायचं नव्हतं. त्यांना एक माणूस हवा होता, पंकज. हा पंकज दिवस मावळायच्या आत मुनीरसमोर आणून उभा केला नाही, तर मुनीर मेहरूनला टेम्पोत घालून नगरच्या दवाखान्यात नेणार होता.

मुनीर चाचांचा थोरला, टेम्पो चालवायचा. मेहरून धाकटी, आणि तिला टीबी झाला होता. हे काही कुणी लपवलं नव्हतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, गोळ्या मिळाल्या. सहा महिने, रोज न चुकता. चाचांनी तेव्हा हरकत घेतली नाही. पण गोळ्या सुरू झाल्या आणि पोरीच्या पोटात अन्न ठरेना. आई नसलेली पोर ती. एका सकाळी खाली मान घालून बापालाच म्हणाली, लघवी लाल होतेय. चाचांच्या काळजात धस्स झालं. गोळ्यांनी पोरीचं जिगर, म्हणजे यकृत, जळायला लागलं, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. ठरवण्यात चाचा फार पटाईत. दवाखान्यात जाऊन विचारावं, निदान एक फोन करावा, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. सरकारी दवाखान्याच्या आशाताई दारात चौकशीला आल्या तर ‘चालू हायत गोळ्या’ असं धडधडीत खोटं सांगून त्यांना वाटेला लावलं, आणि पोरीला खेकड्याची राख सुरू केली.

ही राख म्हणजे काही जादूटोणा नव्हे. युनानी औषधांच्या जुन्या किताबांत ती आहे, आणि चाचांच्या अत्तार घराण्यात तीन पिढ्या ती होत आली. नदीतले खेकडे आणायचे, नांग्या मोडून साफ करायचे, मडक्यात घालून तोंड कापडमातीनं लिंपायचं आणि मडकं गोवऱ्यांच्या आगीत पुरायचं. आत जे उरेल ते खलात घोटून मधातून चाटवायचं. खोकल्यावर, छातीवर, टीबीवर. चाचांच्या आज्यानं ती दिली, बापानं दिली. चाचा स्वतः ती देताना डोळे मिटून बिस्मिल्ला म्हणायचे, आणि त्यात तिळमात्र ढोंग नव्हतं.

वाद सुरू केला तो मशिदीतल्या नव्या मौलानांनी. माणूस पोरसवदा, पण अभ्यास पक्का. जुम्म्याच्या नमाजानंतर त्यांनी चाचांना बाजूला घेतलं आणि अदबीनं विचारलं, “हकीमसाहेब, आपल्या हनफी लोकांत खेकडा जायज नाही. मग त्याची दवा कशी जायज?”

चाचा असे काही पेटले की विचारू नका. खेकडा खातंय कोण? जळून राख झाली की खेकडा संपला. दारूचा सिरका झाला की तो चालतो ना? मिठाच्या खाणीत गाढव पडून त्याचं मीठ झालं, तर ते मीठच ना? ओसरीवर, चहाच्या टपरीवर, कुणाच्या मयतीला गेले तर तिथंही चाचांच्या तोंडी हे गाढव आणि हे मीठ. मौलाना प्रामाणिक होते. त्यांनी किताबं धुंडाळली, मोठ्या मदरशात फोन केले आणि शेवटी कबूल केलं, की राखेबद्दल तसं म्हणायला जागा आहे. चाचांनी पेढे वाटले नाहीत एवढंच.

युनानीचीच डिग्री घेतलेल्या भाच्याला त्यांनी मोठ्या कौतुकानं ही बातमी फोनवर सांगितली. भाचा म्हणाला, “मामू, जायज आहे, ठीक आहे. पण लागू पडते का? किताबात आहे हे मलाही ठाऊक आहे. पण कुणी तपासून पाहिलंय? माझ्याकडे टीबीचा पेशंट आला तर मी त्याला सरकारी गोळ्यांनाच पाठवतो.” चाचांनी फोन ठेवला आणि भाचा वाया गेल्याचं घरात जाहीर केलं.

इथंच त्यांची गफलत झाली. मौलानांशी जो वाद जिंकला, तो राख खावी की खाऊ नये याचा. राखेनं टीबी बरा होतो का, हा वाद कुणाशी झालाच नव्हता. पण चाचांनी एका लढाईत दोन्ही गड घेतले, आणि दुसऱ्या गडावर निशाण म्हणून पंकजला उभा केला.

पंकज काष्टीचा, शुगर फॅक्टरीत कामाला. दोन वर्षांमागं टीबीनं नुसता सापळा झाला होता. त्याच्या आईनं, भिमाबाईनं, त्याला चाचांच्या ओसरीवर आणून बसवलं. चाचांनी राख दिली आणि बघता बघता पोरगं भरलं, गालावर मांस चढलं. पुढं आंबेडकर जयंतीला भिमाबाईनं चाचांना मांडवात पहिल्या खुर्चीवर बसवून शाल पांघरली. तेव्हापासून कुणी राखेबद्दल शंका काढली की चाचा म्हणत, “काष्टीला जा, पंकजला बघून ये.”

आदल्या दिवशी मुनीरनंही शंका काढली. जेवताना मेहरूनला खोकल्याची अशी उबळ आली की ताट सरकवून ती भिंतीला टेकली. मुनीर हात न धुताच उठला. “अब्बा, बास झालं. उद्या मी हिला नगरला न्हेतो.”

“राखेला वेळ लागतो. पंकज बी लगेच उठला न्हवता.”

“पंकज, पंकज! आना त्याला माझ्याम्होरं. त्यानं तोंडानं सांगू दे, नुस्त्या राखेनं बरा झालो म्हणून. न्हाईतर उद्या दिवस मावळायला टेम्पो दारात लावतो.”

“भाई, मला बरं वाटतंय,” मेहरून हळूच म्हणाली. “अब्बा म्हनत्यात तसंच करू.”

पोरीच्या त्या शब्दावर चाचांची छाती फुगली होती.

काष्टीला उतरल्यावर त्यांनी पुन्हा एकदा पंकजचा मोबाईल लावून पाहिला. पलीकडून कुणी बाई इंग्रजीत काहीतरी बोलत होती. मग ते तडक भिमाबाईच्या घरी गेले. भिमाबाई अंगणात शेंगा निवडत होती. पदर सावरत उठली.

“चाचा! या, बसा की. च्या ठेवते.”

“बसत न्हाई भिमाबाई. पंकज कुठं हाय?”

“बाजारात गेलाय. शेळी घ्यायची म्हनतोय. मेहरून कशी हाय?”

“बरी हाय,” असं म्हणत चाचा फाटकाबाहेर पडलेसुद्धा.

बाजार फुलला होता. चाचा भाजीवाल्यांच्या रांगेतून घुसले, बैलांच्या बाजूला गेले, तिथून हुसकावल्यासारखे परत फिरले. ओळखीचे लोक हाका मारत होते, ते हात वर करून पुढं जात होते. घामानं टोपी ओली झाली. पंकज भेटला आणि जीप चुकली तर? मुनीरनं आधीच टेम्पो काढला तर? नगरचे डॉक्टर पुन्हा त्याच गोळ्या देणार, पुन्हा पोरीचं जिगर जाळणार, या विचारानं त्यांचा जीव वर-खाली होत होता.

शेळ्यांच्या बाजारात पंकज दिसला. एका काळ्या शेळीचे दात बघत होता. चांगला धट्टाकट्टा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्याला बघूनच चाचांच्या जिवात जीव आला.

“चल. आत्ताच्या आत्ता. मुनीरला सांगायचं हाय तू कसा बरा झालास ते.”

पंकजनं शेळीचं दावं सोडून दिलं आणि चाचांना धरून शेजारच्या चहाच्या टपरीवर बसवलं. चाचांनी एका दमात सगळं सांगितलं: मौलाना, भाचा, मुनीरची अट. पंकज ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा हात ग्लासाभोवती थांबला.

“मी काय सांगू म्हनता?” त्यानं विचारलं.

“खरं ते सांग. राखेनं बरा झालो म्हणून.”

“राख तर घेतलीच मी, चाचा. मधातनं. एक दिस खाडा न्हाई केला.”

“मग झालं तर!”

“पन गोळ्या बी घेतल्या. सरकारी. सा मयने पुरं केलं.”

चाचांना वाटलं, गोंगाटात आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “कसल्या गोळ्या?”

“टीबीच्या. दुसऱ्या कसल्या?”

“मला कवा बोलला न्हाईस.”

“तुमी इचारलं न्हाई,” पंकज म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती, उलट त्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं. “आन तुमी लई खूश हुता, चाचा. माज्या खांद्याला धरून गल्लीत समद्यांना दावायचा. जयंतीला आईनं शाल दिली, समदा मांडव टाळ्या वाजवतोय, तवा मधीच उठून कसं सांगायचं?”

बुडणारा माणूस हातपाय मारतो तसे चाचा म्हणाले, “म्हंजी दोन्हीचा गुन. राखेचा बी वाटा हायच.”

“असंल की. मी काय डॉक्टर हाय?” पंकजनं मोठ्या मनानं कबूल केलं. चाचांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात पंकज सहज म्हणाला, “मेहरूनताईच्या गोळ्या चालू हायत्या नव्हं?”

चाचांनी चहाचा ग्लास तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

“चाचा? बंद केल्या का काय?”

“लघवी लाल हुयाला लागली तिची. जिगरावर आलं हुतं. म्हणून…”

“आवो, लाल हुतीच ती!” पंकज ताडकन उभा राहिला. “माझी बी हुयाची. मी घाबरून गेल्तो दवाखान्यात. सिस्टर हसल्या. म्हनल्या, गोळीचा रंग हाय तो, बाकी काय न्हाई.”

गोळीचा रंग. एका रंगाला भिऊन चाचांनी पोरीचं औषध तोडलं होतं. जी गोष्ट एका शब्दानं विचारली असती तर कळली असती, ती न विचारता त्यांनी गाढवावर आणि मिठावर गावभर पांडित्य केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना स्वतःची भीती वाटली.

पंकज गाडीवर सोडतो म्हणाला, पण चाचा ऐकेनात. ते एकटेच जीपमध्ये जाऊन बसले. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना, आणि चाचांना बसवेना. ते उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. डोक्यात एकच चाललं होतं. पंकज भेटलाच नाही असं सांगितलं तर काय होईल? मुनीर पोरीला नेणारच आहे. गोळ्या सुरू होतील, पोर वाचेल आणि राखेची इज्जतही शाबूत राहील. कुणाचं काही बिघडत नाही. मौलाना नाही, भाचा नाही, कुणी काही बोलणार नाही. विचार इतका सोयीचा होता की गाव येईपर्यंत चाचांना तो जवळजवळ पटला.

टेम्पो खरंच दारात होता. मुनीर पाठीमागं गादी अंथरत होता. एकट्या बापाला बघून तो त्यांच्या मागोमाग घरात आला आणि त्यानं विचारलं, “न्हाई ना सापडला?”

इतकं सोपं होतं. नुसती मान हलवायची. पण समोर खाटेवर मेहरून उठून बसली होती आणि बापाच्या पाठीमागं, दाराकडं बघत होती. पंकज येईल आणि अब्बा जिंकतील, ही आशा तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. ते बघून चाचांच्यानं खोटं बोलवेना.

“सापडला,” ते म्हणाले. “गोळ्या खात हुता तो. पुऱ्या सा मयने. राख वरनं घेत हुता.”

मुनीर काहीतरी तोडून बोलणार होता, पण बापाचं तोंड बघून थांबला आणि बाहेर गेला.

“म्हंजी नुस्त्या राखेनं न्हाई झाला बरा?” मेहरूननं विचारलं.

“न्हाई.”

“आन माझी लघवी…”

“गोळीचा रंग हुता त्यो. मीच चुकलो, बेटा. मी कुनाला इचारलंच न्हाई.”

आता ती रडेल, आपल्याला बोलेल, असं चाचांना वाटलं. बोलली असती तर बरंही वाटलं असतं. पण तिनं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं.

“मला वाटायचं, समद्यांना राखेनं गुन येतोय,” ती म्हणाली, “आन मला एकटीलाच येत न्हाई. माझ्यातच कायतरी खोट हाय. म्हणून बरं वाटतंय म्हनत हुते.”

तिनं उशीखालून एक घडी केलेलं फडकं काढून चाचांच्या हातात दिलं. फडक्यावर रक्ताचे डाग होते, काही ताजे, काही वाळून काळपट पडलेले.

“कवापास्नं?” चाचांनी फडकं उलगडलं. “मला का न्हाई सांगितलंस?”

विचारता विचारताच त्यांना रडू कोसळलं, कारण तिनं का सांगितलं नाही ते त्यांना कळलं होतं. साठीचा माणूस, पण लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मेहरून खोकत होती, तरी तिनं त्यांचा हात धरला.

“रडू नका अब्बा. टेम्पोत बसा माझ्यासंगं. आन माझी चप्पल कुठं हाय बघा.”

चाचा खाटेखाली वाकले. चपला शोधून त्यांनी त्या आपल्या हातानं तिच्या पायात घातल्या.