नव्या सुनेचा टॉवेल

तातारांच्या साबंतुय जत्रेत कुस्ती जिंकणाऱ्याला गावातल्या नव्या सुनेनं भरतकाम केलेला टॉवेल द्यायची रीत. पण कारखाना बंद पडला, पोरं कझानला पळाली. कामा नदीकाठच्या त्या शहरवजा गावात सुना येणार कुठून? दारोदार टॉवेल मागत फिरणारा जत्रेचा कारभारी रावील हात हलवत निघाला, तेव्हा म्हाताऱ्या मिन्सिलूनं पेटीतून स्वतःच्या लग्नातला टॉवेल काढला.

"घे मेल्या, गावाची लाज तरी राहू दे."

कुस्ती जिंकली जत्रेपुरत्या आलेल्या तिच्याच लेकानं. तिचा ऊर भरून आला. धापा टाकत ती त्याच्या गाडीपाशी पोचली. तो त्याच टॉवेलानं काच पुसत होता.

"बरं झालं आई, फडकं मिळालं. तुमच्या गावचा चिखल काही निघता निघत नाही."