फ्रोनीला ओळखतं कोण

सोशल सिक्युरिटीच्या सरकारी ऑफिसातला, खिडकीमागचा पेल्टियर नावाचा साहेब वाईट माणूस नव्हता, हेच तर दुखणं होतं. वाईट असता तर त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडून फ्रोनी मोकळी झाली असती. पण तो बिचारा तिसऱ्यांदा तेच समजावत होता, आणि तेही गोड आवाजात.

"हे बघा, तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर आमच्याकडे आहे. फ्रोनी गिंगरिच, वय तेवीस. कार्डाची दुसरी प्रत द्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त ती फ्रोनी म्हणजे तुम्हीच, एवढं सिद्ध करा."

"मीच आहे की."

"ते तुम्ही म्हणता."

"मग कुणी म्हणायला हवं?"

"फोटो असलेल्या ओळखपत्राने."

घ्या! आमिश घरातल्या, मोटारी आणि वीजही न वापरणाऱ्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या मुलीकडे फोटो मागतोय. चेहऱ्याची प्रतिमा करणं म्हणजे पाप, असं शिकवलेल्या घरात फ्रोनी वाढली. तिचा बाळपणाचासुद्धा फोटो कुणी काढलेला नव्हता. घर सोडून आठ महिने झाले होते, केस कापून झाले होते, जीन्स घालून झाली होती, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की अजून तिची मान आपोआप खाली जायची. आणि मान वर केली असती तरी काय उपयोग? राज्याचं ओळखपत्र काढायला गेली तर तिथली बाई म्हणाली होती, आधी सोशल सिक्युरिटीचं कार्ड आण. हा म्हणतो, आधी ओळखपत्र आण. अंडं आण म्हणजे कोंबडी देतो, आणि कोंबडी आण म्हणजे अंडं.

"दुसरं काहीच चालत नाही का हो?" तिने विचारलं.

पेल्टियरने यादीवरून बोट फिरवलं. "दवाखान्यातली नोंद चालेल. अलीकडची हवी, नाव आणि जन्मतारीख हवी, आणि त्यांचा सही-शिक्का हवा. शुक्रवारी चारच्या आत आणा. मी अर्ज घेतो आणि लगेच पावती देतो."

फ्रोनीला पावतीच हवी होती. वृद्धाश्रमात मदतनिसाची नोकरी ठरली होती, सोमवारपासून प्रशिक्षण, वर राहायला खोली. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, कार्ड मागाहून दे, पण अर्जाची पावती शुक्रवारी दाखव, नाहीतर जागा दुसरीला जाईल. सध्या ती डार्लाच्या तळघरात राहत होती. डार्ला त्याच वृद्धाश्रमात स्वयंपाकीण होती, महिनाअखेर काम सोडून लेकीकडे ॲरिझोनाला जाणार होती, घर विकून झालं होतं. म्हणजे पावती मिळाली नाही तर डोक्यावर छप्पर एकच, बापाचं. आणि तिथे परत जायचं म्हणजे चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकून म्हणायचं, की मी चुकले, बाहेरचं जग वाईट, मला आत घ्या. फ्रोनी चुकली नव्हती. खोटं बोलून आत गेली असती तर मरेपर्यंत तिथेच राहिली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दवाखान्यात मात्र आशा होती. वर्षापूर्वी ती गोठ्याच्या माळ्यावरून पडली होती, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. गुरुवारी सकाळी डार्लाने तिला तिथे नेलं.

"आहे ना फाइल," तिथली टीना म्हणाली. "इनोस गिंगरिचच्या कुटुंबात. पण अशी कुणाच्याही हातात देत नाही आम्ही. फोटोचं ओळखपत्र दाखवा."

डार्ला तिथेच हसत सुटली. "अगं टीना, ओळखपत्र असतं तर ही पोरगी तुझं तोंड बघायला कशाला आली असती?"

"मग घरचं कुणीतरी या. तुमच्या लोकांसाठी आम्ही तेवढं करतो. आई किंवा वडील आले, ही आमची मुलगी म्हणाले, सही केली, झालं. त्यांना मी ओळखते. तुम्हाला..." टीनाने फ्रोनीच्या कापलेल्या केसांकडे पाहिलं. "खरं सांगू, पांढऱ्या टोपीशिवाय तुमच्यातली कोण कुठली, मला कळत नाही."

गाडीत बसल्यावर डार्ला म्हणाली, "चल, तुझ्या बापाकडे जाऊ. खाणार आहे का तो तुला?"

"खाणार नाही. पण तुमचं बाहेरच्यांचं, इंग्लिश लोकांचं भांडण बरं. तुम्ही ओरडता. आमच्यात गप्प बसतात."

"मग मी ओरडते, तुझ्या वतीने."

"तू गाडीतच बस, डार्ला. पाया पडते."

जुनं कार्ड बापाच्या मेजाच्या खणात आहे, हे फ्रोनीला माहीत होतं. ते मिळालं की दवाखान्याचीही गरज नव्हती. त्या कार्डाची कथाही ऐकण्यासारखी. अठराव्या वर्षी बाप्तिस्मा झाला तेव्हा बिशप मेल्विनने सगळ्या मुलामुलींना एक सरकारी अर्ज भरायला बसवलं. आम्ही म्हाताऱ्यांना आमचे आम्ही सांभाळतो, सरकारची पेन्शन नको, त्यासाठीचा करही नको, असा तो अर्ज. आता गंमत बघा, सरकारकडून काही नको हे सांगायलासुद्धा सरकारचा नंबर लागतो. म्हणून कार्ड मागवलं, नंबर अर्जावर उतरवला आणि कार्ड बापाच्या खणात गेलं. फ्रोनीने ते एकदाच पाहिलं होतं, पाच मिनिटं.

घरी पोचली तर अंगणात बाकांची गाडी उभी. रविवारी चर्च त्यांच्याच घरी होतं. या लोकांना देऊळ नाही, दर पंधरवड्याला पाळीपाळीने एकेका घरी मंडळी जमते, आणि बाकं त्या घरी येतात. भाऊ बाकं उतरवत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाकांकडे पाहिलं. आई लिडिया, जिला घरात सगळे मेम म्हणत, स्वयंपाकघरात दीडशे माणसांसाठी शेंगदाण्याचं गोड लोणी घोटत होती. तिने फ्रोनीला कॉफी दिली, पण शिवणयंत्राशेजारच्या छोट्या मेजावर ठेवून. वाळीत टाकलेल्या माणसाला घरच्या मेजावर बसवत नाहीत.

बाप इनोस हात धुऊन आला. "बोल."

"डॅट, माझं कार्ड हवंय. खणातलं."

"ते नाही."

"नाही म्हणजे देणार नाही?"

"नाही म्हणजे खणात नाही. तू गेलीस त्याच आठवड्यात मी ते पोस्टाने सरकारला परत पाठवलं. त्याच्या मागे लिहिलं होतं की कार्ड सरकारच्या मालकीचं आहे. तू आमच्यातली राहिली नाहीस, मग दुसऱ्याची वस्तू मी घरात कशी ठेवू? तिकीटही मीच लावलं."

चोर असता तर भांडता आलं असतं. हा माणूस शेजाऱ्याची कोंबडी आपल्या कुंपणात आली तर तिने घातलेलं अंडंसुद्धा नेऊन देणारा. फ्रोनीला हसू यावं की रडू, कळेना. शेवटी रागच आला.

"मग उद्या दवाखान्यात ये. टीनासमोर एवढंच म्हण, की ही माझी मुलगी. एक वाक्य, डॅट. खोटं तर नाही ना ते?"

"खोटं नाही."

"मग?"

"मेल्विनने घरी येऊन सांगितलंय. तू परत येऊन कबुली देईपर्यंत घरातल्या कुणीही तुझ्या बाहेरच्या कुठल्याही कागदाला हात लावायचा नाही. ज्याने लावला, त्याला मंडळीसमोर गुडघे टेकावे लागतील." इनोस खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. "तू ये, फ्रोनी. रविवार तोंडावर आलाय. तू कबुली दे, लोक तुला जवळ घेतील, सोमवारी सगळं विसरतील. तुझी खोली तशीच आहे."

वाईट हे, की तो मनापासून बोलत होता. खोली खरंच तशीच असणार, अंथरूणही झटकलेलं असणार. फ्रोनीचा जीव घाबरा झाला. दार उघडं होतं, कुणी अडवलं नव्हतं, तरी तिला वाटलं, इथून आता निघाले नाही तर निघायचीच नाही.

"उद्या दुपारी मी पुन्हा दवाखान्यात जाणार आहे," ती म्हणाली. "टीनाच्या पाया पडेन. पण गुडघे नाही टेकणार, डॅट."

फ्रोनी दाराशी गेल्यावर मेमने पातेल्यातून डोकं वर न काढता विचारलं, "खांदा दुखतो का गं अजून?"

"थंडीत दुखतो."

"शेकत जा."

शुक्रवारी दुपारी डार्लाने दवाखान्यासमोर गाडी लावली आणि म्हणाली, "अगं बाई! ती घोडागाडी कुणाची?"

खांबाला त्यांचीच तपकिरी घोडी बांधलेली होती. आत खुर्चीवर मेम बसली होती, काळी टोपी, काळी शाल, मांडीवर पिशवी. एकटी. तेवीस वर्षांत फ्रोनीने तिला गावात एकटीने गाडी हाकताना पाहिलं नव्हतं.

"कोण हो ही?" टीनाने रीतीप्रमाणे विचारलं.

"माझी मुलगी," मेम म्हणाली. "फ्रोनी. चौदा मार्चचा जन्म, पहाटेचा. पायाळू होती, सुईण घाबरली होती. गेल्या साली माळ्यावरून पडली, तुमच्याच डॉक्टरांनी हाड बसवलं. मी बाजूला उभी होते. आणखी काही सांगू?"

"नको नको, एवढं पुरे. इथे सही करा."

मेमने सावकाश सही केली. टीनाने कागदावर शिक्का मारला, पाकिटात घातला आणि फ्रोनीच्या हातात दिला. इतकं सोपं होतं ते. फ्रोनीला आनंद झाला, अगदी ओरडावंसं वाटलं, आणि बाहेर येईपर्यंत तो आनंद पार विरून गेला.

"डॅटला माहीत आहे?"

"तो रानात आहे. संध्याकाळी सांगेन."

"सांगणार? कशाला सांगतेस? टीना काय मेल्विनकडे जाणार आहे?"

"मी जाणार आहे," मेम घोडीचा दोर सोडत म्हणाली. "रविवारी. घरात चर्च आणि पोटात लपवलेली गोष्ट, असं मला जमायचं नाही, फ्रोनी."

"कोणाची म्हैस आणि कोणाला उठबैस!" डार्ला मागून कडाडली. "अहो ताई, साठीला आलात तुम्ही! त्या बाकांमध्ये, पोरासोरांसमोर, स्वतःच्या घरात?"

"दुसऱ्याच्या घरापेक्षा बरं. जमीन मीच पुसलेली आहे," मेम म्हणाली.

फ्रोनीने पाकीट दोन्ही हातांत धरलं. तिला आईचाही राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. "मी फाडते हे. आत्ता, तुझ्यासमोर. मग कागदच राहणार नाही, मग तुला कबुली कसली द्यायची?"

मेम गाडीत चढून बसली होती. तिने लगाम हातात घेतला आणि लेकीकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"फाड. सही मी केली ती केली. तू फाडलंस तरी मी रविवारी गुडघे टेकणारच. मग निदान फुकट तरी टेकायला लावू नकोस."

घोडी वळली. मेमने मागे पाहिलं नाही, त्यांच्यात तशी पद्धतही नाही. फ्रोनी रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली. पाकीट फाडावं तरी आईचे गुडघे जमिनीला, न्यावं तरी आईचे गुडघे जमिनीला. शेवटी डार्लाने तिला दंडाला धरून गाडीत बसवलं.

"साडेतीन झालेत, पोरी," डार्ला हळू आवाजात म्हणाली. "घरी जायचं की ऑफिसात?"

फ्रोनीने पाकीट मांडीवर सपाट ठेवलं. मग म्हणाली, "ऑफिसात."

चारला सात मिनिटं कमी असताना ती पेल्टियरच्या खिडकीशी पोचली. तो म्हणाला, "आणलंत ना! बघा, सापडलं ना कुणीतरी ओळखणारं?" फ्रोनी हो म्हणाली आणि तिने कागद आत सरकवला.